वेधशाळेची पश्चिम भिंत

सांगलीतली कॉलेजची नोकरी सोडून तुम्ही साताऱ्याला शाळामास्तर कसे झालात, असं लोक मला विचारतात. मी सांगतो, सांगलीची हवा मानवली नाही. सांगलीच्या हवेत काहीच खोट नाही. खोट कुठे होती ते पुढे सांगणारच आहे. एवढंच की मी गोष्ट सांगायला लागलो की आधी इकडचंतिकडचं बोलतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनी आहे.

आमच्या कॉलेजच्या आवारात माधवनगरच्या बाजूला एक टेकाड होतं आणि त्यावर एक गोल दगडी खोली होती. ती कॉलेजपेक्षाही जुनी. कुणा हौशी माणसाने पंचांगवाल्यांच्या सोयीसाठी ती बांधली होती आणि पुढे ती जागेसकट कॉलेजकडे आली. तिलाच आम्ही वेधशाळा म्हणायचो. आत एक छोटी दुर्बीण, वर लाकडी छप्पर. छप्पर दोरखंडाने ओढून बाजूला करायचं आणि ते हमखास निम्म्यात अडकायचं. मग अर्ध्या आकाशावर समाधान मानायचं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधी आमच्या सरांनी विलायतेहून एक मोठं भिंग मागवलं. ते बहुधा शेवटच्याच एखाद्या बोटीने आलं आणि पेटीतच राहिलं, कारण जुन्या खोलीत त्याची दुर्बीण मावणारी नव्हती.

सर म्हणजे पदार्थविज्ञानाचे मुख्य. मी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. उन्हाळ्याअखेर ते निवृत्त होणार होते. खोलीची भिंत सहा फूट उंच करायची, तिच्यावर लोखंडी फिरता घुमट बसवायचा, शेजारी निरीक्षकाची एक खोली काढायची, असा बेत त्यांनी मंजूर करून घेतला आणि देखरेख माझ्यावर सोपवली. निरीक्षक कोण होणार हे कुणी बोललं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. खरं सांगतो, मला आकाशापेक्षा ती खुर्ची जास्त हवी होती. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि वर्गात मुलांच्या वह्या फेकण्याइतका तापट होतो.

सिमेंट लढाईवर गेलेलं, त्यामुळे सगळं काम दगडचुन्यात करायचं ठरलं. दगडाचा चांगला गवंडी सांगलीत मिळेना. शेवटी पाटणकडचा एक मिस्त्री कुणीतरी सुचवला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. त्याचा एक मुलगा पलटणीत होता. बायको त्याच्याबरोबर यायची आणि चुना कालवायची. मिस्त्रीने पहिल्या दिवशी कामाला हातच लावला नाही. नुसता जुन्या भिंतीभोवती फिरला, ठिकठिकाणी हातोडीच्या दांड्याने ठोकून कान लावला. पश्चिमेच्या खिडकीपाशी तो बराच वेळ थांबला. मग मला म्हणाला की ही भिंत बाहेरून चुन्याची आहे, पण पोटात नुसती माती भरलीय.

मी म्हटलं, साठ वर्षं उभी आहे की. मला वाटलं, काम वाढवून घ्यायचं लक्षण आहे.

पंधरा दिवसांत भिंत तीन फूट चढली आणि पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर एक चीर निघाली. सुतासारखी बारीक. मिस्त्रीने काम थांबवलं आणि माझ्याकडे काच मागितली. गवंडी लोकांत ही रीतच होती. भिंतीला चीर पडली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची. भिंत हलली नाही तर काच साबूत राहते. भिंत केसभर जरी उघडली तरी काच तडकते, कारण काचेला ताणता येत नाही. गावाकडे तो फुटक्या आरशाचे तुकडे लावायचा. मला ती युक्ती फार आवडली. मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचपट्ट्या आणल्या, प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं आणि चिरेवर खालपासून वरपर्यंत तीन पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर शाईने तारीख घातली. मिस्त्रीला अक्षर येत नव्हतं. तरी ती तारीख बघून तो खूश झाला.

"मास्तर, आता ह्यो आपला करार," तो म्हणाला. "काच हाय तवर मी वर हाय. काच फुटली का मी खाली. मग तुमचा राजा आला तरी चढायचा न्हाई."

मी हसून हो म्हटलं.

त्यानंतर रोज सकाळी सातला तो आधी त्या तीन काचांपाशी जायचा. एकेकीवरून अंगठा फिरवायचा, हात छातीला लावायचा, मग परांचीवर चढायचा. त्याची बायको खाली उभी राहून बघायची. त्याचा पाय पहिल्या फळीवर पडला की मगच ती घमेलं उचलायची. मीही तिथे असायचो. मला त्या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आपण एका अडाणी माणसाच्या रीतीला शास्त्राचं रूप दिलं, असं मी सरांना सांगितलंसुद्धा.

भिंत पुरी झाली. माधवनगरच्या एका कारखान्यात घडवलेलं लोखंडी कडं बैलगाडीवरून आलं. या कड्यावर घुमट फिरणार होता. तीस माणसं, कप्प्या, दोरखंड असा दिवसभर धुरळा उडवून ते एकदाचं भिंतीच्या माथ्यावर बसलं. सर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. त्यांची तब्येत उतरली होती, चालताना दम लागायचा. कडं बसलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली. ते शुक्रवारी झालं. शनिवारी बाजार आणि रविवारी सुट्टी, म्हणून दोन दिवस काम बंद होतं.

शनिवारी दुपारी मी एकटाच टेकाडावर गेलो. सगळीकडे शांत होतं. चुन्याच्या हौदात पाणी निवळलं होतं, वर कड्यावर दोन साळुंक्या बसल्या होत्या. मी सहज काचा बघितल्या. खालची ठीक. वरची ठीक. मधली तडकली होती. सरळ, वरपासून खालपर्यंत. अंगठा फिरवला असता तर कापला असता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कधी विसरलो नाही. मला भीती वाटली नाही, राग आला. कडं चढलं होतं, फक्त घुमटाचे पत्रे आणि कड्याभोवतीचा दगडांचा शेवटचा थर राहिला होता. आठ दिवसांचं काम. सोमवारी मिस्त्री ही काच बघणार आणि खाली बसणार. मग इंजिनियर येणार, कडं उतरवणार, भिंत उलगडणार, पावसाळा लागणार, सर घरी जाणार आणि पुढच्या वर्षी नवा मुख्य आपला माणूस आणणार. एका काचेपायी. मी स्वतःशी वाद घातला, आणि वाद घालायला मला कॉलेजने शिकवलंच होतं. दोन काचा साबूत आहेत, एकच फुटली, म्हणजे भिंत हलली नसून ऊन लागून ती एक काच तडकली असणार. पश्चिमेला दुपारचं ऊन पडतंच. शिवाय कडं बसताना हादरा बसला असेल, तो एकदाच बसायचा होता. सगळं कसं अगदी पटण्यासारखं होतं. उरलेल्या दोन काचांवर पडणारं ऊन मी हिशेबातच धरलं नाही.

प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच होती. मी नवी पट्टी आणली, जुनी खरवडून काढली, नवी चिकटवली, तीच जुनी तारीख तिच्यावर घातली. काच फार लखलखत होती म्हणून चिमूटभर चुन्याची धूळ तिच्यावर चोळली. अर्ध्या तासात प्लास्टर घट्ट झालं. फुटके तुकडे मी रुमालात बांधून नेले.

सोमवारी मिस्त्रीने अंगठा फिरवला, हात छातीला लावला आणि वर चढला. बायकोने घमेलं उचललं. तो दर तासाला ज्या ज्या बाजूला सरकायचा तिकडे माझे डोळे जात होते. मी त्याला दोनदा पूर्वेकडचं काम आधी उरकायला सांगितलं. तो म्हणाला, पश्चिमेकडेच बाकी आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला प्रत्येक खडा पडला की दचकायला होत होतं. मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी सकाळीही काही झालं नाही आणि मी जरा सैल झालो.

बुधवारी संध्याकाळी माणसं गेल्यावर बघितलं तर मधली पुन्हा फुटली होती. आणि वरचीही.

आता उन्हाचं कारण माझ्यासुद्धा गळी उतरेना. शास्त्र शिकलेला माणूस तिथे मी होतो, आणि भिंत मला जे सांगत होती ते लख्ख सांगत होती. मी उठून थेट सरांच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. ते पलंगावर टेकून बसले होते. भिंगाची पेटी त्यांनी घरी आणून घेतली होती आणि तिच्यावर शाल पांघरून ठेवली होती. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती दिवस राहिले?"

मी म्हणालो, "पाच."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मी परत आलो, अंधार पडायच्या आत दोन्ही काचा बदलल्या. पहिल्या वेळी मी स्वतःला फसवलं होतं. दुसऱ्या वेळी तसं काही म्हणायला जागा नाही. मला माहीत होतं, आणि मी केलं.

गुरुवारी सातला मिस्त्रीने तिन्ही काचांवरून अंगठा फिरवला. मधल्या काचेपाशी त्याचा अंगठा थोडा थांबला, असं मला वाटलं. मग तो वर चढला. साडेनवाच्या सुमाराला मी निरीक्षकाच्या खोलीच्या दारात उभा होतो. आधी आवाज आला तो मोठा नव्हता. पोत्यातून धान्य सांडावं तसा. भिंतीच्या पोटातली माती खिडकीच्या कोपऱ्यातून वाहत होती. मी ओरडायला तोंड उघडलं. मी ओरडलो की नाही ते मला आजही सांगता येत नाही. पश्चिमेची भिंत आधी बाहेर फुगली, मग खाली बसली आणि कडं तिरपं होऊन तिच्यावर आलं.

मिस्त्री वाचला. परांचीची फळी मोडून तो हौदाच्या बाजूला पडला. पण त्याचा उजवा हात एका घडीव दगडाखाली गेला होता आणि तो दगड हलवायला सात माणसं लागली. त्याच्या बायकोने एकदाही हंबरडा फोडला नाही. ती दगडाला हात लावून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. हात कोपराच्या वर काढावा लागला.

चौकशी झाली. जुनी भिंत मातीत बांधलेली निघाली, तिला वरचा बोजा पेलला नाही, असा निष्कर्ष लिहिला गेला. तो खराच होता. काचांबद्दल मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्या रोज बघत होतो. हेही खरंच होतं. सरांनी सगळा दोष स्वतःवर घेतला आणि मुदतीच्या आधीच घरी बसले. पुढच्या वर्षी ते गेले. ती पेटी उघडली गेली की नाही, मला माहीत नाही.

दवाखान्यात मी मिस्त्रीला भेटायला गेलो. तो शुद्धीवर होता. बायको उशाशी बसली होती. मी पायाशी उभा राहिलो. वाटेत मी मनाशी सगळी वाक्यं जुळवून आणली होती. पण तोच आधी बोलला.

"आवं मास्तर, तुमी नका मनाला लावून घेऊ. काचंनं फशिवलं. हयातभर भरवसा ठिवला, आन् काचंनंच फशिवलं."

त्याच्या बायकोने विचारलं, "तुमी बी बघितलीवती न्हवं काच, सकाळच्याला?"

मी हो म्हणालो. तिने मला बसायला डबा उलटा करून दिला.

मी सांगली सोडली, साताऱ्याला माझ्या गावी येऊन हायस्कूलात शास्त्र शिकवू लागलो. वह्या फेकणं बंद झालं. मुलं म्हणायची, सर मवाळ आहेत. चार-पाच वर्षं गेली, लढाई संपली, स्वातंत्र्य आलं. मी स्वतःची समजूत घातली होती की जे व्हायचं ते होऊन गेलं. एक माणूस हाताला मुकला, हे माझं पाप, आणि ते तेवढ्यावर थांबलं.

एका उन्हाळ्यात शिक्षकांच्या खोलीत पाटणकडचे एक सहकारी त्यांच्या गावच्या घराबद्दल सांगत होते. मागच्या भिंतीला चीर गेली होती. त्यांच्या वडिलांनी जुन्या रीतीने आरशाचा तुकडा लावला तर तो महिन्यात फुटला. म्हातारे घाबरले, घर खाली करायला निघाले. पण तिथे एक थोटा मिस्त्री आहे, फार जाणता, हात गेल्यापासून गावोगाव नुसता सल्ला देत फिरतो. त्याने येऊन बघितलं आणि काचेचा तुकडा उपटून टाकला. म्हणाला, काच खोटं बोलते, तिचं ऐकून घर सोडू नका, सांगलीला काच साबूत असताना अख्खी भिंत माझ्या अंगावर आली. चीर बुजवा आणि खुशाल राहा. सहकारी म्हणाले, तेव्हापासून घरचे निवांत आहेत.

माझ्या हातातला खडू मोडला. मी त्यांना विचारलं, त्या खोलीत कोण निजतं? ते म्हणाले, बहीण बाळंतपणाला आली आहे.

त्यांच्या घरचे मिस्त्रीचंच ऐकणार, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने मी पाटणला गेलो आणि तिथून चालत मिस्त्रीच्या गावाला. तो अंगणात बसला होता, पायात विळी धरून डाव्या हाताने वाखाची दोरी कापत होता. मला बघून त्याला आनंद झाला. बायकोला चहा टाकायला सांगितलं, मुलगा पलटणीतून सुखरूप आला ते सांगितलं. मी चहा येईपर्यंत थांबलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शनिवारची काच, बुधवारच्या दोन, धूळ, तारीख, सगळं. बायको आत चुलीपाशी होती. तिथला आवाज थांबला.

त्याने कापलेली दोरी खाली ठेवली. मला वाटलं, आता विळी उचलेल. उचलली असती तर मी हललो नसतो. बरं वाटलं असतं.

"म्हंजी काच खरी हुती," तो म्हणाला.

"हो."

"फुटली हुती."

"दोनदा."

त्याने डावा हात वर धरला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजायला लागला. पलूसकडचं एक घर, कोयनेकाठची दोन, आणखी एका वाडीतलं गिरणीवाल्याचं. बोटं संपली, तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. जिथे जिथे काच फुटली होती आणि जिथे जिथे त्याने सांगितलं होतं की खुशाल राहा, ती ती घरं.

"मास्तर, तुमी एक हात न्येला, त्येचं काय न्हाई," तो म्हणाला. "पर मी ह्या लोकांस्नी त्या भित्तीखाली निजिवलंय."

तो उठला आणि पटका बांधायला लागला. एक टोक दातांत धरून एका हाताने बांधत होता. मला मदत करायचं धैर्य झालं नाही. मला म्हणाला, तुम्हीही चला, माझ्या एकट्याच्या तोंडचं आता कुणी खरं मानणार नाही. मी म्हटलं, दहा दिवसांनी शाळेला सुट्टी लागतेय, तेव्हा येतो. हे माझ्या तोंडून गेलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. दवाखान्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"भित्तीला सुट्टी ठावं हाय व्हय?"

आम्ही त्याच दुपारी निघालो. सहकाऱ्याच्या घरी आधी गेलो आणि बाळंतिणीला त्या खोलीतून हलवलं. मग एकेक घर. प्रत्येक दारात तो मला पुढे करायचा आणि म्हणायचा, ह्यास्नी काय सांगायचंय त्ये ऐका. मग मी सांगायचो. काही लोकांनी पाणी दिलं, काहींनी दिलं नाही, एका म्हातारीने मला ओट्यावरून खाली उतरायला सांगितलं. आठ दिवसांत अकरा घरं झाली. दोन घरांत भिंतीला आधीच टेकू दिले होते. एकात भिंत रात्री पडून गेली होती आणि सुदैवाने माणसं लग्नाला परगावी होती. ते ऐकून मिस्त्री रस्त्यातच खाली बसला.

अकराव्या घरानंतर आम्ही मोटारीची वाट बघत झाडाखाली थांबलो. मी म्हटलं, संपलं. त्याने मान हलवली. आणखी एक होतं, तो म्हणाला. कुठल्यातरी बाजारात एक माणूस भेटला होता, बायकोमुलं घेऊन चालला होता. काच फुटली म्हणून घर सोडून भावाकडे राहायला निघालो, असं म्हणाला. मिस्त्रीने त्याला उभ्या उभ्या समजावून परत घरी पाठवलं होतं. बाजार कुठला ते आठवत नव्हतं. कऱ्हाडचा, पाटणचा की पलूसचा. माणसाचं नाव विचारलंच नव्हतं. धाकटी पोर कडेवर होती, एवढं त्याला आठवत होतं.

त्यानंतर दोन वर्षं तो दर बाजारी जाऊन उभा राहायचा. मला सुट्टी असली की मीही जायचो. आम्ही दोघं येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत राहायचो. मग तो वारला. आता बाजाराला मी एकटा जातो. ती पोर केव्हाच चालायला लागली असेल, तेव्हा चालणाऱ्या पोरांकडेही बघतो. ते घर अजून मिळालेलं नाही.